कोमट

"आजी, दूध उतू चाललंय!"

थोरली नात न्हाणीच्या दारात येऊन ओरडली तेव्हा मी तिच्या धाकट्या भावासाठी पाणी विसणत होते. कढत पाण्यात गार ओतायचं, हात फिरवायचा, पुन्हा थोडं ओतायचं. तशीच उठले, गुडघे धरत स्वयंपाकघरात गेले. दूध गप्प होतं. कडेला साधा बुडबुडा नव्हता.

परत आले तर थोरली न्हाणीतून बाहेर पडत होती. एक मोजा पायात, एक हातात, आणि गणवेशाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली.

"डोळे आहेत का शर्टाची बटणं? दूध आहे जागच्या जागी."

"मला वाटलं, आजी."

"रोजच वाटतं तुला. काल दारावर कुणी आलंसं वाटलं, परवा खिडकीतून मांजर शिरलंसं वाटलं. वाटण्याची परीक्षा असती तर पहिली आली असतीस वर्गात. आणि ही बाही कशी भिजली?"

"नळ गळतोय."

नळ काही गळत नव्हता. आतून धाकटा ओरडला, "आजी, पाणी छान आहे!"

त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"जा आता ओल्या बाहीनं शाळेत," मी थोरलीला म्हणाले, "आणि डब्याचं झाकण नीट लाव. काल दप्तराला जेवायला घातलंस."

पूर्वी अशा बोलण्यावर ती खुदकन हसायची. आता "हो" म्हणते आणि झाकण लावते.

सून जाऊन वर्ष होत आलं. ती दवाखान्यातच गेली. घरी तिची चप्पल आली आणि चष्मा आला. मुलगा बाटल्यांच्या कारखान्यात फिटर आहे. पोरं उठायच्या आत पहिल्या पाळीला जातो, संध्याकाळी येतो, जेवतो, आपली ताटली आपण धुतो आणि बंद टीव्हीसमोर जाऊन बसतो. "अरे, लाव तरी," मी म्हणते. "असू दे," म्हणतो. आमच्याकडे कुणी रडत नाही. सुरुवातीला शेजारपाजारचे म्हणायचे, किती धीराचे आहात. धीर कसला. सकाळ होते, डबे भरले जातात, मुलं जातात, मुलं येतात. घड्याळ चालतं तसं घर चालतं. घड्याळाला कुठे काय वाटतं?

सून गेली त्याच हिवाळ्यात माझे हात गेले. गेले म्हणजे आहेत मनगटाला, कामही करतात. फक्त मला काही सांगत नाहीत. आधी उजव्याची टोकं गेली, मग तळवा, आणि त्याच्या मागोमाग डावा, थोरल्याची खोड धाकट्याने उचलावी तसा. जन्म माझा इस्त्रीच्या दुकानात गेला. नवरा गेल्यावर दुकान मीच ओढलं. ओलं बोट इस्त्रीच्या पोटाला टेकवायचं, चर्र झालं की कळायचं, आता सुती घ्यावं की रेशमी थोडं थांबू द्यावं. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, भाजत नाही का? मी म्हणायची, तुमच्या बोलण्यापेक्षा कमीच भाजतं. तर त्या हाताला एकदा तापल्या भांड्याचा काठ लागला, आणि मला वासावरून समजलं.

कुणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाला सांगितलं असतं तर त्याने मावशीला कळवलं असतं, आणि मावशी टपूनच बसली होती.

मावशी म्हणजे सुनेची मोठी बहीण. दुसऱ्या शहरात राहते, शाळेत शिकवते. घर ऐसपैस, घरात दोघंच. बहीण गेल्यापासून दर रविवारी तिचा फोन यायचा. "आई, मुलांना माझ्याकडे राहू द्या. शाळा चालत जाण्यासारखी आहे. तुमचं आता वय झालं."

"वय तुझंही होतंय बाई. मी आले का तुला न्यायला?"

मग ती मुलाला फोन द्या म्हणायची, आणि मुलगा फोनवर हं, हं करत राहायचा. शेवटी एकदा जेवताना तो ताटलीकडे बघतच म्हणाला, "आई, ती चार दिवस येऊन राहू दे. बघू दे कसं चालतं. मग ठरवू."

म्हणजे परीक्षा माझी. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि या वयात घरात तपासनीस. त्या चार दिवसांत काही वेडंवाकडं दिसलं की माझी पोरं गेली. मी काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. पडदे धुतले, डबे घासले, दोघांची नखं काढली आणि बजावलं, "मावशीसमोर शहाण्यासारखं राहायचं. काय?"

"काय" म्हणायची गरज नव्हती. दोघं आधीपासूनच शहाणी होती. भलतीच शहाणी.

मावशी आली. वाईट नव्हती ती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. बहिणीच्या तोंडवळ्याची, तशीच वाकून बूट काढणारी. धाकटा तिच्याकडे बघतच राहिला.

"किती स्वच्छ आहे घर, आई," ती म्हणाली.

"घाण बघायला आली होतीस का? पुढच्या वेळी ठेवीन थोडी राखून."

ती हसली. चांगलं हसली. रात्री जेवताना तिने धाकट्याला सहज विचारलं, "राजा, तुला आंघोळ कोण घालतं रे?"

"आजी."

"एवढं कढत पाणी असतं, मग गार कोण घालतं त्यात?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "आजीच. आजीला बरोब्बर कळतं."

मी फुगले. खोटं कशाला बोलू, चांगली टम्म फुगले. मनात म्हटलं, हात दाखवायचाच तर उद्या सकाळी दाखवते.

सकाळी मी न्हाणीत पाणी विसणायला बसले. मावशी चहाचा कप घेऊन दारात टेकून उभी राहिली. धाकटा टॉवेल गुंडाळून कुडकुडत होता.

थोरली धावत आली. "आजी, दूध उतू—"

"मी बंद केलंय गं दूध," मावशी म्हणाली. "जा तू, वेणी घाल."

थोरली हलली नाही. "आजी, दारावर कुणीतरी आलंय."

"कुणी नाही. आत्ताच केर टाकून आले मी."

"मांजर..." थोरली म्हणाली, आणि पुढे तिला काही सुचेना. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मी तो पाहिला. पाहिला आणि माझ्या तोऱ्यात राहिले. मावशीला दिसेल असा बादलीत हात बुडवला, नीट ढवळला, पूर्वी ढवळायची तसा. "ये रे राजा. झालं पाणी." आणि एरवी तोच आपल्या हाताने घेतो, तर त्या दिवशी मी स्वतः मग भरला आणि त्याच्या पाठीवर ओतला.

पोराने हू केलं नाही की चू केलं नाही. खांदे कानापर्यंत गेले. मुठी वळल्या. पाठीवर लाल पट्टा उमटत खाली गेला.

"छान आहे, आजी," तो म्हणाला. दातांमधून म्हणाला. "अजून ओत."

मी दुसरा मग भरला.

मावशीचा कप खाली आपटला. तिने बादलीत बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. "आई!" तिने पोराला ओढून नळाखाली धरलं, गार पाणी सोडलं. तो तरी ओरडेना.

थोरली मध्ये पडली. "मावशी, मी केलं. मीच आत्ता कढत पाणी जास्त घातलं. आजी नको म्हणत होती. माझी चूक आहे." एका दमात, शाळेत पाठ म्हणावा तसं.

"हो, ताईनंच," नळाखालून धाकटा म्हणाला. डोळे भरलेले होते, पण एक थेंब पडू देत नव्हता.

दोघांचं ठरलेलं होतं. आज असं झालं तर कोण काय बोलायचं, तेसुद्धा ठरलेलं होतं. मग मला ती ओली बाही दिसली. उतू न जाणारं दूध दिसलं. दारावर न आलेली माणसं, खिडकीतून न शिरलेलं मांजर. मला रोज उठवून पाठवायचं, तेवढ्यात हिने पाणी सारखं करायचं, आणि त्याने आतून "छान आहे" म्हणून ओरडायचं.

मावशी थोरलीकडे वळली. "एवढी मोठी झालीस तू, तुला कळत नाही—"

"तिला बोलू नकोस," मी म्हणाले. "तिला कळतं. माझ्या हातांना कळत नाही. गारही नाही, गरमही नाही. सून गेली तेव्हापासून."

नळ वाहत होता.

"कोपरानं बघायचं होतं, आई," मावशी हळूच म्हणाली.

"हो. आणि तोंडानं सांगायचं होतं. कोपर वाकलं असतं, मान वाकली नाही."

पाठ फार भाजली नव्हती. दुपारपर्यंत लाली उतरली. थोरली त्या दिवशी कोरड्या बाहीने शाळेत गेली.

संध्याकाळी मुलगा आला, जेवला, ताटली धुतली, बंद टीव्हीसमोर बसला. मावशीने त्याला सगळं सांगितलं, पण माझ्यावर न ढकलता. वर म्हणाली, "आईंना डॉक्टरांना दाखवू. सकाळची एखादी बाई ठेवू. मी येऊन जाऊन बघत जाईन. मुलं राहू देत इथेच." एका बोटाच्या चटक्यात ती माझ्या बाजूची झाली होती. मी जिंकले होते म्हणा ना.

"बघू," मुलगा म्हणाला.

"बघू काय?" मी म्हणाले. "घेऊन जा गं त्यांना."

"आई..."

"ऐक. थोरली माझ्याआधी उठते. मला वाटायचं, वळण लागलं. ती पहाऱ्याला उठते. आणि हा, सहा वर्षांचं पोर, पाठ पोळली तर 'छान आहे, अजून ओत' म्हणतो. कुठे शिकला? आपल्यातच शिकला. इथे कुणी ओरडताना त्यानं पाहिलंच नाही." मी टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत बोलत होते. तिच्यात आम्ही तिघं बसलेलो दिसत होतो. "तिकडे जाऊ देत. भांडू देत, पसारा करू देत, गरम लागलं तर बोंब मारू देत."

"आणि तू?"

"मला काय रे. मला ना गार, ना गरम."

मुलाने उठून टीव्ही लावला. आवाज मात्र वाढवला नाही.

सहामाही परीक्षा होईपर्यंत मुलं राहिली. मावशी न्यायला आली तोवर पुन्हा थंडी पडली होती. जायच्या दिवशी मुलाने रजा घेतली, बॅगा दाराशी लावल्या आणि गाडी बघायला बाहेर गेला. मी न्हाणीत पाणी विसणायला बसले. थोरली आली. दुधाचं काही बोलली नाही, मांजराचंही नाही.

"आजी, मी बघते," म्हणाली. बादलीत हात घातला, एक मग गार ओतलं, पुन्हा हात घातला. "झालं."

मग धाकटा आला, टॉवेल राजासारखा खांद्यावर टाकून. त्यानेही हात घालून पाहिलं. जरा विचार केला. माझा उजवा हात त्याने दोन्ही हातांनी उचलला, जाड पुस्तक उचलावं तसा, आणि बादलीत नेऊ लागला.

"थांब," थोरली म्हणाली. तिने माझ्या स्वेटरची बाही दुमडून कोपराच्या वर सारली. भिजू नये म्हणून.

धाकट्याने माझा हात पाण्यात सोडला. "हे बघ आजी. एवढं. एवढं झालं की बास. जास्त नाही."

"बरं."

"लक्षात ठेव हं. मी सुट्टीत आलो की विचारीन."

"विचार."

"कळलं का पण?"

पाण्यात माझी बोटं मोठी आणि वाकडी दिसत होती. त्यांच्या मध्ये त्याची, लहान. थोरली माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कळलं," मी म्हणाले. "छान आहे."

थोरलीने मान खाली घातली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आंघोळ व्हायची होती अजून. तो 'बास' म्हणेपर्यंत मी हात काढला नाही.