कड्यापलीकडची पुळण

रुग्णवाहिकेत चढवताना निकासियोनं माझं मनगट घट्ट धरलं. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी कान जवळ नेला.

"दोघं..." एवढंच बोलला आणि डोळे मिटले.

होडी वाळूवर ओढता ओढताच माझा नवरा छातीला हात लावून कोसळला होता. पण दोघं कोण? मग लख्खकन आठवलं. बुर्गोसहून आलेलं ते वयस्क जोडपं, एलादियो आणि बेगोन्या. सकाळी आमच्याच खाणावळीत टोमॅटो लावलेला पाव खाताना बेगोन्या म्हणाली होती, "जिथे एक छत्री नाही, एक दुकान नाही, अशी जागा दाखवा."

"आहे की! तिथे खेकडेसुद्धा आधी विचारून येतात," असं म्हणून निकासियो त्यांना होडीतून घेऊन गेला होता. दुपारी आणायला जाणार होता.

कड्यापलीकडे रस्ता नाही, सावली नाही, प्यायचं पाणी नाही, फोन लागत नाही. वर लेवांते, पूर्वेचा जोराचा वारा, सुटलेला, होडी घालायची सोय नव्हती.

"तू जा याच्याबरोबर," मी नणंदेला म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? नवरा आहे तुझा!"

"ते दोघं तिथे आहेत हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही गं."

गाडी गेली. माझा जीव तिच्यामागे धावत होता आणि पाय उलट्या दिशेला. शेजारच्या फेर्मीनला घेऊन मी डोंगर चढले. खांद्यावर पाण्याचे कॅन.

नेमकं कुठल्या पुळणीवर सोडलं, ते निकासियोनं सांगितलं नव्हतं. पहिली रिकामी होती. दुसरी वरून दिसली. तळाचे दगड मोजता येतील असं नितळ पाणी, पिवळा कडा, पावलाची एक खूण नाही. लोक हेच बघायला येतात. मला मात्र ते बघून धस्स झालं. खडकावर नुसता एक टॉवेल फडफडत होता.

"एलादियो! बेगोन्या!" फेर्मीननं हाका मारल्या.

कड्याच्या पोटातून आवाज आला. एका कपारीत एलादियो आडवा पडला होता. चेहरा लालबुंद, जीभ जड झालेली. मी ओला रुमाल त्याच्या मानेवर ठेवला आणि घोटघोट पाणी पाजू लागले.

बेगोन्या माझ्यावर तुटून पडली. "कुठे आहे तुमचा नवरा? माणसांना असं टाकून जातात का?"

"इस्पितळात," मी म्हटलं. "जिवंत आहे की नाही, माहीत नाही."

ती माझ्याशेजारी बसली. मग तिनं माझ्या हातातला रुमाल घेतला. "तुम्ही जा," म्हणाली. "जा हो. मी बघते यांच्याकडे."

पण एलादियोला धड उठवेना. ऊन कलेपर्यंत मी तिथेच थांबले. नंतर आम्ही तिघांनी मिळून त्याला वर आणलं. माथ्यावर पोचताच फोन वाजला. नणंद रडत होती. मला पहिल्यांदा शब्दच कळेनात.

"अगं, वाचला! ऑपरेशन झालं, वाचला!"

बेगोन्यानं मला घट्ट धरून ठेवलं. त्या रात्री ती दोघंही आमच्याबरोबर आल्मेरियाच्या इस्पितळात आली.

निकासियो पुन्हा समुद्रावर जातो. मात्र आता कुणाला कुठे सोडतो, ते निघण्याआधी मला सांगतो. तरी होडी परत येईपर्यंत मी खिडकीपासून हलत नाही.