ओल्या अंगानं पुन्हा वर

पाणी उकळून किटलीचं बटण टक्कन उडालं, तसं डेरिकनी तोंड उघडलं. आम्ही दोघं माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. डेरिक माझे जुने डायव्हिंगचे कोच, आता माझ्या लेकीचेही. चहाची वाट बघत होते. मी उठले नाही.

काल माझी केरेन्सा पाच मीटरच्या फळीवरून उडी मारताना पाण्यावर सपाट पाठीवर आपटली. आठ वर्षांची पोर. रडत काठावर आली, तर डेरिकनी तिला अंग पुसायच्या आत पुन्हा वर पाठवलं. आम्हा डायव्हिंगवाल्यांतला हा रिवाजच: आपटलात की लगेच वर, भीती अंगात मुरायच्या आत. दुसऱ्यांदाही ती तशीच आपटली. रात्री मलम लावताना तिची पाठ माझ्या बोटांना चटके देत होती. पालथी झोपली बिचारी, माझा अंगठा मुठीत धरून.

डेरिकचं म्हणणं, अख्ख्या प्लिमथमध्ये अशी पोर नाही, पायाचे घोटे थेट माझ्यासारखे. सोमवारी तिला सरावाला आणायलाच हवं, नाहीतर कायमची भिऊन बसेल.

"तुला मी असंच घडवलं ना, पोरी? ते पदक काय उगाच मिळालं?"

"त्या पदकापायी माझा डावा डोळा अर्धा गेला," मी म्हणाले. "दहा मीटरवरून आपटले. मी म्हणाले, दिसत नाहीये, तर तुम्ही म्हणालात, शिडी दिसतेय ना? मग चढ."

"तेव्हा कुणाला काय कळत होतं?"

"आणि काल?"

त्यांनी कोट उचलला. दारात पोचल्यावर मात्र हसून म्हणाले, आई झालीस आणि मऊ पडलीस.

"पुन्हा माझ्या पोरीला रडत वर चढवलंत, तर कपड्यांसकट तुम्हाला दहा मीटरवर नेईन आणि मागून ढकलीन. बघा मग मी किती मऊ आहे ते."

दार लावून वळले, तर केरेन्सा जिन्यात बसलेली. सगळं ऐकलं होतं तिनं. पाठीला हात लागणार नाही असं जपून तिला मांडीवर घेतलं. सांगितलं, सोमवारी जायचं नाही. आणि दुखत असलं की समोर कुणीही असो, सरळ नाही म्हणायचं.

तिनं माझ्या डाव्या डोळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पण आई, तुला दिसत नव्हतं, तरी तू का चढलीस?"