तुहामीच्या सुरीची दोरी

मी दोरी. नुसते दोरी म्हटले तर तुम्ही विहिरीची समजाल, नाहीतर शेळीची, म्हणून आधीच सांगते. मी सुरीच्या मुठीला बांधलेली दोरी आहे. माझे एक टोक मुठीला आणि दुसरे माणसाच्या मनगटाला. माझे सगळे आयुष्य या एवढ्याशा अंतरात गेले. मला फार बोलायची सवय नाही, पण या अंतरात काय काय मावले ते एकदा सांगावेसे वाटते.

माझा जन्म वाळवंटाकाठच्या तोझर गावातल्या खजुराच्या बागेतला. झावळीच्या बुडाशी तपकिरी जाळीसारखा काथ्या असतो. सालहाने तो सोलून आणला, पाटाच्या पाण्यात भिजवला, लाकडी मोगरीने कुटला आणि तळहातांवर वळला. बायका दोरी वळताना गातात म्हणे. सालहा गात नव्हती. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि पीळ इतका देत होती की माझा जीव कळवळला. पुढे त्याच पिळाने मला तारले.

ती अशी का वळत होती, ते सांगते. आमच्याकडे चांगला खजूर झाडावरून खाली टाकत नाहीत. टाकला तर फुटतो आणि त्याला वाळू चिकटते. म्हणून झाडावरचे घड उतरवायचे असले की माणसे खोडावर एकाखाली एक चढून बसतात. शेंड्यावरचा माणूस वाकड्या दातेरी सुरीने घड कापतो. त्याच्या खालचा दोन्ही हात वर करून तो घेतो आणि आपल्या खालच्याला देतो. घड तान्ह्या मुलासारखा हातोहात जमिनीवर येतो. शेंड्यावर सालहाचा नवरा तुहामी असायचा आणि त्याच्या बरोबर खाली तिचा धाकटा भाऊ लझार.

मागच्या मोसमात खजुराच्या पाकाने बरबटलेल्या तुहामीच्या हातातून सुरी निसटली. लझारचे दोन्ही हात वर होते. सुरी त्याच्या खांद्यात घुसली.

जखम भरली. पण लझारने बहिणीच्या घरी जेवायला येणे सोडले, आणि बागेतल्या माणसांनी तुहामीच्या खाली बसणे सोडले. खाली कोणी बसणार नसेल तर वर चढून काय करायचे? मुकादम खमीस घरी येऊन म्हणाला, "तुहामी, यंदा तू सावलीत बस. म्हाताऱ्यांबरोबर खजूर निवड. बसून काम, वर चहा." तो हे मायेने म्हणाला, म्हणून जास्त लागले. तुहामीला घड हाताने न चाचपता, नुसत्या वासावरून पिकलेला कळायचा. त्याला जमिनीवर बसवणे म्हणजे पक्ष्याला चालायला लावणे होते.

खमीस गेला आणि सालहा काथ्या सोलायला उठली.

मला पाहून तुहामी म्हणाला, "हे काय? मला शेळी समजलीस, बांधून ठेवायला?"

"शेळी मोकळी सुटली तर झाडपाला खाते," सालहा म्हणाली. "तुम्ही मोकळे सुटलात तर माझ्या भावाला खाता. चढा त्या भिंतीवर."

तिने भिंतीखाली तिवईवर एक लाल भोपळा ठेवला.

"हे लझारचं डोकं."

"बरंच शोभतंय," तुहामी म्हणाला.

"हात खाली लांबवा, घड देताना लांबवता तसा. आणि सुरी सोडा."

त्याने सोडली. मी तेव्हा चांगली लांब होते आणि मला माझ्या लांबीचा गर्वही होता. मी ऐटीत सुटले, ताठ झाले, आणि सुरीचे टोक भोपळ्यात बसले. सालहाने सुरी उपसली आणि त्याच सुरीने मला अर्ध्यावर कापले. संध्याकाळी जेवणात रव्याच्या कुसकुसात तोच भोपळा होता. त्या दिवशी मी शिकले की दोरी मनगटापासून कोपरापर्यंत पुरे. त्याहून लांब असली तर ती सुरीला आवरत नाही, फक्त सोबत करते.

दुसरी अद्दल अंगणातल्या बुटक्या झाडावर घडली. सालहाने मनगटावर पक्की गाठ मारली होती. सुरी देठात अडकली, घड एका बाजूला लोंबला आणि त्याच्या वजनाने तुहामीचा हात ओढला जाऊ लागला. गाठ काही सुटेना. शेवटी त्याने पायाने घड लोटून हात सोडवला. मनगटावर माझा लाल वळ उठला होता. धरून ठेवणे माझे काम आहे हे मला माहीत होते. कधी सोडावेही लागते, हे तेव्हा कळले. सालहाने गाठ काढून फास केला आणि त्यात जैतुनाच्या लाकडाचा एक मणी ओवला. मणी मनगटाकडे सरकवला की फास आवळतो, दातांनी मागे ओढला की हात मोकळा.

मग आमचे सूर जुळले. कमरेच्या पट्ट्यात खोचलेली सुरी मला ओढले की अलगद बाहेर येऊ लागली. हात चिकट झाला की तुहामी मला मुठीभोवती एक वेढा देई आणि पकड पुन्हा घट्ट होई. झावळ्यांचे काटे दोन्ही हातांनी बाजूला करायचे असले की तो सुरी सरळ सोडून देई, मी सांभाळत असे. पूर्वी अशा वेळी तो ती दातात धरायचा. आता तोंड रिकामे झाले, त्यामुळे तो झाडावरून सारखा बोलू लागला. माझ्यामुळे झालेले एवढे एकच नुकसान सालहा सांगते.

पण बुटके झाड वेगळे आणि बाग वेगळी. तोडीच्या पहिल्या सकाळी सगळे सर्वांत उंच झाडाखाली जमले. तुहामी मला मनगटात अडकवून आला. खमीसने पाहिले आणि त्याला हसू आवरेना.

"काय रे, तुझी सुरी पळून जाते का?"

"मागच्या वर्षी गेली होती," तुहामी म्हणाला.

हसणे थांबले. लझार मागे उभा होता. यंदा त्याने सगळ्यांत खालची जागा मागून घेतली होती. तो पुढे आला. मेहुण्याच्या तोंडाकडे न बघता त्याने मला हातात घेतले, ओढले, पिळून पाहिले, मणी मागे-पुढे केला.

"ताईने वळली?"

"हो."

"तिची दोरी तुटत नाही. लहानपणी मला खाटेला बांधून पाण्याला जायची." त्याने मला सोडले. "चढा, दाजी. खाली मी बसतो. पण घड कापायच्या आधी सुरी सोडायची. माझ्या डोक्यावर. मी हात वर घेणार नाही."

खमीस मध्ये पडला. "लझार, एक खांदा गेला ते पुरे नाही का?"

"खांदा माझा आहे, मुकादम. तुम्ही चहा ठेवा."

तुहामी चढला. त्याच्या पायांखाली लझार, त्याच्याखाली बाकीचे. लझारने टोपी काढून खिशात घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तुहामीने हात खाली लांबवला. आता त्याने फक्त बोटे उघडायची होती.

ती उघडेनात. मी मनगटावर होते, मला त्याची नाडी लागत होती. नको असताना निसटलेली सुरी आता मुद्दाम टाकायची, आणि तीही त्याच माणसावर. बोटे मुठीला अशी रुतली होती की जणू लाकडातूनच उगवली असावीत.

"दाजी, सोडा."

तुहामी हलला नाही.

"दाजी," लझार वर न बघता म्हणाला, "मागच्या वर्षी तर न विचारता सोडली होतीत."

खोडावर खाली कोणीतरी खुदकन हसले. मग दुसरा हसला आणि सगळे झाड हलले. तुहामीच्या पोटातूनही हसू फुटले, आणि त्या हसण्यात बोटे उघडली.

सुरी सुटली. माझा एकेक तंतू ताणला गेला. सालहाने दिलेला एकेक पीळ मला आठवला. आणि मी धरले. सुरी लझारच्या डोक्यावर हातभर अंतरावर हिसका खाऊन थांबली आणि हळूहळू झुलू लागली.

लझारने वर पाहिले.

"बरी आहे," तो म्हणाला. "आता घड देता, का दिवसभर झोके घ्यायचे?"

त्याने हात वर केले. दोन्ही, पूर्ण. पहिला घड त्यांत अलगद उतरला, आणि खाली जमिनीवर कोणीतरी 'बिस्मिल्ला' म्हणत तो चटईवर ठेवला. त्या दिवशी सुरी आणखी दोनदा निसटली. लझारने मान वर करूनही पाहिले नाही. माझा याहून मोठा मान कोणी केलेला नाही. संध्याकाळी तो बहिणीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, भोपळा उरलाय का? माझं डोकं म्हणून कापलात म्हणे, निदान चव तरी बघू."

आठवडाभरात खमीस आपली सुरी घेऊन आला. "वहिनी, माझीही पळते," तो मान खाली घालून म्हणाला. त्याच्यामागून बाकीचे आले. आज बागेत दोरीवाचून एकही सुरी झाडावर चढत नाही.

मी आता थकले. तंतू झिजले, तेव्हा सालहाने मला काढून दाराजवळच्या खिळ्यावर टांगले. माझा मणी नव्या दोरीला गेला. मला त्याचे वाईट वाटत नाही.

तुम्ही कुठे उंचावर किंवा होडीत सुरी चालवत असाल, तर एवढे ऐका. मुठीला दोरी बांधा, लांब नको आणि सुटणारीच नाही अशीही नको. तुमचा हात कितीही पक्का असू द्या. खाली कोणीतरी तुमच्या भरवशावर दोन्ही हात वर करून बसलेले असते.

दर मोसमात पहिल्या झाडावर पहिला घड कापण्याआधी शेंड्यावरचा माणूस आता मुद्दाम सुरी सोडतो. बाग घरापासून लांब नाही. सगळी माणसे एका सुरात "दाजी, सोडा" म्हणतात, वर कोणाचाही दाजी असो वा नसो, आणि ते मला इथे ऐकू येते. मग क्षणभर सगळे गप्प होते. त्या क्षणी मी खिळ्यावर अजूनही ताठ होते. आणि मग झाडावरून हसणे ऐकू येते.

नव्या दोरीने सुरी धरली.