अकरा इंच, पिसं धरून

डेट्रॉइटच्या पश्चिम भागातल्या त्या चर्चमध्ये कोणाचं पाप किती हे देवालाच ठाऊक, पण कोणाची गाडी कुठे उभी राहणार हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. दारासमोरची पहिली जागा पास्टरची, दुसरी चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन ल्यूशस टॉलिव्हरची. बहुतेकांची घरं गावातल्या मोटार कंपनीवर चालायची, म्हणून परदेशी गाडी असेल त्याने मुकाट्याने मागे जायचं, कचऱ्याच्या पेट्यांपाशी. नियम कुठे लिहिलेला नव्हता. एका नव्या जावयाने आपली जपानी गाडी हौसेने पुढे लावली, तर प्रार्थना संपेपर्यंत इतक्या माना त्याच्याकडे वळल्या की पुढच्या रविवारी बिचारा बसने आला.

ल्यूशसची गाडी म्हणजे सॉव्हरिन. कंपनीची सगळ्यात मोठी, सगळ्यात रुबाबदार सेडान. एकतीस वर्षं त्याने कारखान्यात याच गाडीला दरवाजे बसवले होते, आणि कमावता झाल्यापासून दुसरी कुठलीही गाडी दारात येऊ दिली नव्हती. आता तो एकाहत्तरचा होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रनीटा कंपनीच्या मुख्य कचेरीत गिऱ्हाइकांची मतं गोळा करण्याच्या खात्यात होती. "मी नुसते दरवाजे बसवले, माझी पोरगी अख्खी गाडी ठरवते," असं तो ओळखीच्यांना सांगे, आणि अनोळखी भेटला तर आधी ओळख करून घेऊन सांगे.

दर रविवारी चर्चला जाण्याआधी तो दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मदर ओडेसाला आणायला जाई. मदर ओडेसा नव्वदी ओलांडलेली, चर्चमधली सगळ्यात वडीलधारी बाई. डोक्यावर हॅट नसताना तिला परक्या माणसाने कधी पाहिलं नव्हतं. छातीत कळ आली तेव्हासुद्धा हॅट सापडेपर्यंत तिने ॲम्ब्युलन्सवाल्यांना दारात उभं ठेवलं होतं. तिची जांभळी हॅट तर सगळ्यांत उंच. ती घालून ती सॉव्हरिनच्या मागच्या सीटवर ताठ बसे आणि पिसाचं टोकही छताला लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रनीटा घरी आली ती उत्साहातच.

"डॅडी, नवी सॉव्हरिन करायची चाललीय. कंपनीला जुन्या गिऱ्हाइकांचं मत हवंय. तू आणि चर्चमधले दहा-बारा जण याल?"

"आमचं मत? कंपनीला?"

"तुमचंच. आणि काय काय आवडतं ते अगदी बारीकसारीक सांगायचं. काही हातचं राखायचं नाही."

ल्यूशसला तेवढंच हवं होतं. तीन आठवडे तो वही घेऊन घरोघर फिरला. चर्चमधला क्लिओफस म्हणाला, "सीट अशी हवी की पोटभर जेवून बसलं तरी पट्टा सैल करायला लागू नये." बायका म्हणाल्या, डिकीत कोंबडीचे तीन मोठे ट्रे आडवे राहिले पाहिजेत, मयताच्या घरी काय एकेक ट्रे नेत बसायचं? संधिवातवाल्यांना अख्ख्या मुठीने धरता येईल अशी दाराची मोठी कडी हवी होती. ल्यूशसने सगळं टिपून घेतलं. शेवटी कारखान्यातली जुनी टेप घेऊन तो मदर ओडेसाच्या पुढ्यात बसला.

"माझी हॅट कशाला मोजतोस रे?"

"कंपनीला कळवायचंय, मदर. नव्या गाडीत तुम्ही बसायला नको?"

"मग नीट मोज. पिसं धरून मोज. पिसं काय शोभेला लावलीत?"

"मग कशाला लावलीत?"

"गप बस आणि मोज."

अकरा इंच भरली. 'अकरा इंच, पिसं धरून,' असं त्याने ठळक लिहिलं आणि खाली रेघ ओढली. नव्या सॉव्हरिनमध्ये सगळ्यांत आधी तुम्हीच बसणार, असा शब्दही दिला. त्या दिवसापासून मदर ओडेसा भेटेल त्याला सांगू लागली की कंपनीने तिच्या हॅटचं माप मागवलंय.

ठरल्या दिवशी बाराही जण चर्चचे कपडे घालून कंपनीच्या हॉलमध्ये गेले. नाव झाकलेल्या एका पांढऱ्या गाडीभोवती त्यांना बसवलं. ल्यूशस दोन तास बोलला. रनीटा काचेपलीकडे बसून लिहून घेत होती. निघताना तिने त्याची वहीही मागून घेतली. एकतीस वर्षांत मुख्य कचेरीतल्या कोणी त्याला बसायला खुर्ची दिली नव्हती, त्यामुळे परत येताना तो हवेत होता.

नवी गाडी तयार झाली तेव्हा कंपनीने कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं. ल्यूशस तिसऱ्या रांगेत बसला. पडदा सरकला. गाडी देखणी होती यात वाद नाही. बुटकी, लांब, मागे उतरत गेलेल्या छताची. प्रेस्टन नावाचा बाह्या दुमडलेला साहेब मंचावर आला.

"आमचं गिऱ्हाईक दरवर्षी एक वर्षाने म्हातारं होत होतं," तो म्हणाला, आणि लोक हसले. "तरुण मंडळी सॉव्हरिनकडे ढुंकून बघत नव्हती. तेव्हा आमच्या एका सहकारी बाईंनी युक्ती काढली. सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत निष्ठावान गिऱ्हाइकांना बोलवा. त्यांना काय काय आवडतं ते विचारा. आणि ते एकूण एक काढून टाका."

पडद्यावर एक पान आलं. ल्यूशसने स्वतःचं अक्षर ओळखलं. मोठी कडी, त्यावर लाल काट. तीन ट्रेची डिकी, लाल काट. सगळ्यांत खाली 'अकरा इंच, पिसं धरून,' आणि त्यावरची काट सगळ्यांत जाड. त्या ओळीला हॉल सगळ्यांत जास्त हसला. मग प्रेस्टनने युक्ती काढणाऱ्या बाईंसाठी टाळ्या मागितल्या आणि रनीटाचं नाव घेतलं. ल्यूशसच्या शेजारच्या बाईने टाळ्या वाजवता वाजवता त्याला कोपराने ढोसलं, तुम्हीही वाजवा म्हणून.

बाहेर आवारात रनीटाने त्याला गाठलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तुझी युक्ती होती?"

"डॅडी, गाडी बंद पडायच्या बेतात होती. तुमची माणसं बारा वर्षांत एक गाडी घेतात. ही निघाली म्हणून तुझा कारखाना चालू राहिला. तू उभा राहायचास तिथे आज माणसं उभी आहेत."

"मग तसं सांगायचं होतंस. काय काढायचं ते मीच लिहून दिलं असतं."

"सांगितलं असतं तर तू मनापासून बोलला नसतास."

ते खरं होतं. कारखान्यात फोरमनने फसवलं होतं, युनियनने फसवलं होतं, ते सगळं त्याने पचवलं होतं. पण म्हाताऱ्या माणसांनी विश्वासाने सांगितलेलं त्याने स्वतःच्या हाताने नेऊन पोचवलं होतं, आणि तेही पोटच्या पोरीच्या हातात. तिच्या गाडीत न बसता तो बसस्टॉपकडे चालू लागला.

पेपरात नव्या सॉव्हरिनचा फोटो आल्यापासून मदर ओडेसाचा रोज फोन येऊ लागला. "आली का रे आपली गाडी?" त्याला खरं सांगायचा धीर होईना. रविवारी सकाळी रनीटाच नवीकोरी सॉव्हरिन घेऊन दारात आली. "शब्द दिलायस ना तू त्यांना? चल," ती म्हणाली. समेटासाठी आली होती, हे त्याला कळत होतं. शब्द दिला होता, म्हणून तो बसला.

मदर ओडेसा ओसरीवर तयार होती. जांभळी हॅट, जांभळे हातमोजे. समोरच्या घरांतली माणसंही बाहेर आली होती, तिने सांगून ठेवलं होतं म्हणून. ल्यूशसने दार उघडलं. ती वाकली, पिसं चौकटीला अडली. ती आणखी वाकली, तशी हॅट कानावर कलंडली. दोनदा तिने पुन्हा करून पाहिलं. मग तिने पिना काढल्या, हॅट उतरवली आणि मांडीवर घेऊन आत बसली. विरळ पांढऱ्या केसांतून तिची टाळू दिसत होती. समोरच्या घरांतली माणसं दुसरीकडे बघू लागली.

"ल्यूशस, तू माप कळवलं होतंस ना?"

"कळवलं होतं, मदर."

"पिसं धरून?"

"पिसं धरून."

"मग त्यांच्याच मोजण्यात काहीतरी चुकलं असणार."

ल्यूशसने उघड्या दारातून गाडीच्या पुढच्या आरशात बघितलं. रनीटाची नजर खाली होती.

"नाही मदर," तो म्हणाला. "त्यांनी अगदी बरोबर मोजलं." मग त्याने तिला हात दिला. "उतरा तुम्ही. हॅट घाला. मी माझी जुनी गाडी घेऊन येतो."

"डॅडी, प्रार्थनेला उशीर होईल," रनीटा म्हणाली.

"होऊ दे." मदर ओडेसाच्या हॅटच्या पिना नीट बसेपर्यंत तो गाडीकडे पाठ करून तिला आडोसा देत उभा राहिला. मग खिडकीशी वाकला. "तू हो पुढे. आणि चर्चमध्ये ही गाडी मागे लाव, पेट्यांपाशी."