अर्ध्या दाढीचा दिवस

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. दचकू नका. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आले, आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. बिडाचे जड पाय, लाल रेक्झिनची गादी, मान टेकायला उशी आणि बाजूला एक दांडा. तो दाबला की मी गिऱ्हाइकाला अलगद वर उचलायचे. बाबांनी मला दुकानात आणलं, तेव्हा आसपासची माणसं केस कापायचे नसतानाही येऊन बसली आणि एकदा वर-खाली होऊन गेली. मला भारी अभिमान वाटला होता.

बाबा म्हणजे माझे मालक. खाली दुकान, वर घर. एखाद्याचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा केसभर जरी खाली राहिला, तरी ते त्याला दारातून परत बोलवायचे. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. ड्यूटी संपवून आली की जिना चढायच्या आधी माझ्यात टेकायची, चपला काढून पाय लांब करायची आणि म्हणायची, "आता मला कुणी हाक मारू नका."

त्यांना दोन मुलं. थोरली ताई आणि तिच्या पाठचा भाऊ. भावाला सगळे बडबड्या म्हणत. माझ्या दोन्ही हातांवर फळी टाकून त्याला वर बसवलं की त्याची गाडी सुरू. पाल भिंतीवरून पडत का नाही, टकलू काका केस कापायला का येतात, सगळं त्याला तिथेच विचारायचं असे. "गप बस, नाहीतर कान कापला जाईल," बाबा दम देत. तो दोन्ही कान हातांनी धरून बोलत राही.

मग मिसरूड फुटायच्या वयात त्याचं बोलणं आटलं. लोक म्हणाले, पोरगा शहाणा झाला. मला मात्र वेगळंच जाणवायचं. गिऱ्हाइकं मुलींवरून त्याची थट्टा करू लागली की तो हसायचा, पण माझ्या हातांवरची त्याची बोटं घट्ट आवळली जायची. आरशात चेहरा दिसतो, बोटं दिसत नाहीत. ती मलाच कळायची.

पुढे बाबांचा हात थरथरायला लागला आणि वस्तरा ताईने घेतला. सुरुवातीला जुनी गिऱ्हाइकं दारातूनच, "बाबा नाहीत का? मग उद्या येतो," म्हणून वळायची. ताई म्हणायची, "उद्याही मीच आहे." हळूहळू गिऱ्हाइकं तिच्यापुढे बसू लागली. बडबड्या शिकला, दुसऱ्या शहरात पुलांचे नकाशे काढायच्या नोकरीला लागला. पण केस कापायला तो सुट्टी काढून ताईकडेच यायचा.

अशाच एका सुट्टीत, दुकानात दुसरं कुणी नसताना, तो आरशात बघत म्हणाला, "ताई, मला मुली आवडत नाहीत. म्हणजे... तशा आवडत नाहीत. मला मुलगे आवडतात."

कात्री थांबली. मला वाटलं, आता काय होतंय.

"मान खाली घे," ताई म्हणाली. तिने मानेवरचे केस झटकले, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि विचारलं, "कधीपासून एकटाच वागवतोयस हे?"

त्यावर तो जो रडला, तो बराच वेळ. ताईने खांद्यांवरचे हात काढले नाहीत. मग म्हणाली, "कुणी आहे का?"

"आहे. दातांचा डॉक्टर आहे."

"अरे देवा. म्हणजे त्याच्याकडेही खुर्चीच."

रडता रडता तो हसला. खूप वर्षांनी मी त्याचं ते जुनं हसू ऐकलं. त्या दुपारी तो बोलत सुटला आणि ताईने त्याला एकदाही गप बस म्हटलं नाही.

पुढची दोनेक वर्षं ताईने ते पोटात ठेवलं. आई स्थळांचा विषय काढायची आणि ताई काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. पण एके दिवशी बाबांचे जुने मित्र, कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान असलेले चष्मेवाले, माझ्यात बसून दाढी करून घेत होते. बोलता बोलता त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाचा विषय काढला. बाबा बाकावरून उठले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ठरलं म्हणून समज. शब्द दिला." ताईच्या हातातला ब्रश फेसाच्या वाटीत पडला.

ताईने कळवताच बडबड्या धावत आला. म्हणाला, "होऊ दे ताई. बाबांचा शब्द आहे. करीन मी लग्न."

"आणि त्या मुलीने काय पाप केलंय?" ताई म्हणाली.

तो अगदी हळू म्हणाला, "तू सांग ना त्यांना. तू बोललीस की बाबा ऐकतात."

"नाही. तुझं आहे, तूच सांगायचं. मी शेजारी उभी राहीन. तू अडखळलास तर थांबेन, पळालास तर धरून आणीन. पण तुझ्या वाटचं बोलणार नाही."

मग दोघांनी तालीम केली. ताई बाबा होऊन माझ्यात बसली, पोट पुढे काढून. "हं, बोला. काय काम काढलंत?" बाबांच्या आवाजात तिने विचारलं. त्याला हसू आवरेना. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो ते वाक्य न थांबता म्हणाला, आणि ताई बाबा व्हायचं विसरून डोळे पुसू लागली.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ताई बाबांची दाढी करायची. त्या सकाळी बाबा माझ्यात टेकले होते, एका गालावर फेस, दुसरा करून झालेला. आई चहा घेऊन खाली आली आणि बाकावर बसली. बडबड्या आरशाशेजारी येऊन उभा राहिला.

"बाबा, आई, मला लग्न करायचं नाही. त्या मुलीशी नाही, कुठल्याच मुलीशी नाही. मला..." तो अडला. ताईने वस्तरा बाजूला ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याने श्वास घेतला आणि उरलेलं सगळं सांगितलं. त्या दातांच्या डॉक्टरबद्दलही.

बाबा उठले. गळ्यातलं कापड काढून माझ्या हातावर टाकलं आणि तशाच अर्ध्या दाढीने, एका गालावर फेस घेऊन, दारातून बाहेर पडले. उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला तसं रस्त्यावर जाऊ न देणारा माणूस तो.

आईने हातातला कप बाकावर ठेवला. मग तिने ताईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"सांगायचं त्याचं होतं, आई."

आई लेकाकडे वळली. "पोरांना पहिल्यांदा हातात घेणारी मी. माझ्याच पोराचं मला कळलं नाही." मग म्हणाली, "आत्ता मला काय बोलावं सुचत नाहीये. थोडा वेळ दे मला."

"मी परत जातो," तो म्हणाला.

"कुठेही जायचं नाही," ताई म्हणाली. "वर जा, पानं घे. सगळे मिळून जेवायचंय."

बाबा दुपारी परतले. फेस वाळून गालाला चिकटला होता. ताई एकटीच खाली वाट बघत बसली होती. माझ्यात बसत ते म्हणाले, "चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. शब्द मागे घेतला."

"काय सांगितलंत?"

"चूक माझी आहे म्हटलं. पोराला न विचारता बोललो. बाकी काही नाही सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाले, "उरलेली कर."

ताईने पुन्हा फेस लावला. बाबा आरशातून तिच्याकडे बघत होते. "काही आजारबिजार तर नाही ना?"

"नाही, बाबा."

"मग हे बदलायचं नाही?"

"नाही."

बाबांनी डोळे मिटले. "म्हणजे एवढी वर्षं पोरगं या घरात एकटंच होतं."

ताईने वस्तरा उरलेल्या गालावर टेकवला. फार सावकाश दाढी केली तिने.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. चष्मेवाले बरेच महिने आमची पायरी चढले नाहीत. बाबा लेकाशी पगारपाण्याचं तेवढं बोलत, दुसरं काही नाही. ताई दोघांच्या मध्ये फोन धरून उभी राही. मग एके दिवशी आईची दाढ दुखायला लागली. इथे दातांचे डॉक्टर काय कमी होते? पण आई पिशवी भरून थेट लेकाच्या शहरात गेली. परत आली ती माझ्यात टेकली, पाय लांब केले आणि बाबांना म्हणाली, "हलक्या हाताचा आहे. जेवायला वाढतो तेव्हा आधी आपल्या पोराला वाढतो." पुढच्या वेळी बाबांनी तिकिटं दोन काढली.

आता दुकानात नव्या, फिरत्या खुर्च्या आल्या आहेत. आई जाऊन काही वर्षं झाली. माझं रेक्झिन फाटलंय, आत भुसा उरलाय. मला खिडकीशी सरकवून ठेवलंय आणि माझ्यात दिवसभर बाबा बसतात. भंगारवाला अधूनमधून विचारून जातो. ताई त्याला सांगते, "बाबा उठले की बघू."

परवा एक नवं गिऱ्हाईक ताईला विचारत होतं, "तुमच्या भावाचं लग्न झालं की नाही अजून?" ताई तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्यातून बाबा म्हणाले, "तो आणि डॉक्टर एकत्र राहतात. दोघांचं छान चाललंय. पुढच्या आठवड्यात येतायत इकडे."

गिऱ्हाईक आरशात बघत राहिलं. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

माझं एवढंच मागणं आहे. मला भंगारात द्यायची असेल तर खुशाल द्या, माझं आयुष्य भरून पावलं. पण पुढच्या आठवड्यानंतर द्या. ते दोघं येऊन जाऊ देत.