डोळे बांधून सैदा

सैदा शहरातल्या बंदराच्या कमानीखाली उभं राहून नजलाने डोळ्यांवर काळा रुमाल करकचून बांधला आणि भावाला बजावलं, "दहा पावलं मागे राहायचं. खोकायचंसुद्धा नाही."

"लोक हसतील गं," मुईन म्हणाला.

"हसू देत. तुझ्या बैरुतात नवव्या मजल्यावर कुढत बसण्यापेक्षा बरं."

डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. नळीतून पाहावं एवढंच तिला आता दिसत होतं, पुढे तेही जाणार होतं. मुईन तिला कायमची न्यायला आला होता आणि सैद्याचं घर विकायचं, हे त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. म्हणून नजलाने पैज लावली. सकाळपासून दोघांनी जुनं शहर पालथं घातलं आणि तिने एकेक वळण घोकून घेतलं. आता बंदरापासून घरापर्यंत डोळे बांधून, कुणाचाही हात न धरता पोचली, तर ती इथेच राहणार. नाही पोचली, तर संध्याकाळी मुकाट्याने त्याच्या गाडीत बसणार.

मासळीबाजारातले ओले, निसरडे दगड तिने जपून ओलांडले. भट्टीची धग उजव्या गालाला लागली, तिथे ती डावीकडे वळली. संत्र्याच्या फुलांच्या वासावर तिची भिस्त नव्हती. एप्रिलात घरोघरी फुलांचा अर्क काढतात, तो वास कुठेही येतो. पुढची खूण पक्की होती. सुतारगल्लीतल्या करवतींची खरखर ऐकू आली की उजवीकडे वळायचं.

खरखर येईना. ती चालत राहिली. वीस पावलं झाली, चाळीस झाली. मग तोंडावर खारा वारा आला आणि समोर लाटा आपटल्या. ती फिरून समुद्रावरच आली होती.

"शुक्रवार आहे, नजला," मुईन हळूच म्हणाला. "सुतार नमाजाला गेलेत."

त्याच्या आवाजातली कीव तिला झोंबली. जन्म या गल्ल्यांत गेला आणि शुक्रवारची दुपार विसरावी! स्वतःच्याच थोबाडीत मारावी, असं तिला वाटलं.

"झालं ना समाधान? चल आता."

"झालं कसलं? आंधळ्यांना शुक्रवार नसतो का? पुन्हा कमानीपासून."

"अगं, पैज हरलीस तू."

"हरले. पण संध्याकाळ झाली नाही अजून."

या खेपेला तिने कानांना सुट्टी दिली. सुतारगल्लीच्या तोंडाशी बाजाराच्या बोळांवरचं छत संपतं. टाळूला ऊन लागलं, तशी ती उजवीकडे वळली. तेवढ्यात मशीद सुटली. माणसांचा लोंढा अंगावर आला. कुणीतरी "सांभाळून, बाई" म्हणत हात पुढे केला, तर तिने आपला हात पाठीमागे दडवला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. गर्दी ओसरल्यावर ती अकरा पावलं चालली. हाताला दाराची कडी लागली, स्वतःच्या घराची. तिने रुमाल सोडला.

मागे मुईन नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"नजला! पडलीस का? लागलं का कुठे? गर्दीत चुकलो गं. सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतायत."

"मी दारात आहे. तुझ्या पायाखाली काय आहे?"

"दगड."

"अख्ख्या सैद्यात दगडच आहेत, गाढवा. ओले की कोरडे?"

"ओले."

"धग लागतेय कुठे?"

"डाव्या गालाला."

"म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभा आहेस. हलू नकोस."

तिने रुमाल पुन्हा बांधला आणि निघाली. भट्टीपाशी त्याच्या अत्तराचा वास आला. पन्नाशीचा बाप्या हुंदके देत होता.

"मला वाटलं, तू चेंगरलीस."

यात कीव नव्हती, निव्वळ भीती होती. नजलाचा सगळा राग विरघळला. या माणसाला दुखवून आपण इथे राहायचं म्हणतोय, याचं तिला फार वाईट वाटलं. पण राहायचं ते राहायचंच.

"माझं कोपर धर," ती म्हणाली.

त्याने घट्ट धरलं. थोडं चालल्यावर नाक ओढत म्हणाला, "घराच्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगतो."

"सांग सावकाश. आधी पायरी बघ."