जाळीवरचे टोपडे

मी एक जुनी हायब्रिड गाडी आहे. माझा रंग एके काळी चंदेरी होता. आता काही लोक त्याला राखाडी म्हणतात, पण मी ते मनाला लावून घेत नाही. मित्रांनो, हायब्रिड म्हणजे काय असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर मला आनंदच आहे. प्रश्न पडणे ही माझीही जुनी खोड आहे. माझ्या पुढच्या भागात पेट्रोलवर चालणारे इंजिन आहे आणि मागच्या सीटच्या पाठीशी एक मोठी बॅटरी आहे. हळू जायचे असले की बॅटरी मला ओढते, चढ आला की इंजिन तिला हात देते, आणि ब्रेक लावला की वाया जाणारी ताकद पुन्हा बॅटरीत जाऊन बसते. शिवाय एक छोटी बॅटरीही आहे. तिचे काम मला झोपेतून उठवण्याचे.

कारखान्यात मला जोडणाऱ्यांनी माझा खिळा न् खिळा पाहिला. मी मात्र माझी पाठ आजवर पाहिलेली नाही. तुम्ही तरी तुमची कुठे पाहिली आहे?

सुरुवातीची वर्षे मी एका साहेबांकडे होते. ते सतत फोनवर तेच तेच बोलत, त्यामुळे माझ्या ज्ञानात काही भर पडली नाही. मग मी नर्सताईंकडे आले आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले. नर्सताई घरोघरी जाऊन बाळंतपणे करत, बाळांची वजने घेत, घाबरलेल्या आयांना धीर देत. घरात एकट्या राहिल्या की त्यांच्या सासूबाईंना घर खायला उठे, म्हणून त्याही सोबत येत. त्यांना सगळे आजी म्हणत. पुढच्या सीटवर वजनकाटा आणि औषधांची बॅग असे, म्हणून आजी मागे बसत आणि जन्मणाऱ्या प्रत्येक बाळासाठी लोकरीचे टोपडे विणत.

मला एका गोष्टीचे फार कुतूहल होते. आम्ही पोचू तेव्हा घरात नवरा-बायको दोघेच असत, आणि थोड्या वेळाने आतून तिसऱ्याचाच आवाज येई. हा तिसरा येतो कुठून? दारात तर मी उभी असे, नर्सताईंशिवाय माझ्यासमोरून कोणी गेलेले नसे! हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

माझे कौतुकही खूप झाले. बॅटरीवर चालताना माझा आवाज होत नाही, त्यामुळे नुकते डोळे मिटलेले बाळ माझ्यामुळे कधी दचकून उठले नाही. "कधी आलात, कळलंसुद्धा नाही!" असे कोणी म्हटले की मी मनातल्या मनात फुलून जाई.

मागच्या सीटच्या कडेला माझी एक छोटी जाळी आहे. एकदा आजींच्या लोकरीचे टोक त्या जाळीत ओढले गेले.

"अगं, ही जाळी माझी लोकर खातेय!" आजी ओरडल्या.

"तिलाही टोपडं हवं असेल, आई," नर्सताई हसत म्हणाल्या.

आजींनी ते अगदी मनावर घेतले. घट्ट विणीचे, कडेला इलॅस्टिक असलेले पिवळे टोपडे त्यांनी जाळीवर चढवले. जो बसेल तो त्याचे कौतुक करी. मीही तोऱ्यात होते. एवढ्या बाळांमध्ये आपलीही वर्णी लागली, याहून मोठा मान कोणता?

पण त्या उन्हाळ्यात माझे काहीतरी बिनसले. स्टिअरिंगपुढच्या माझ्या काचेमागे धोक्याचा लाल त्रिकोण पेटू लागला. इंजिन उगाचच चालू राही. बॅटरीच्या चित्रातल्या रेघा भरभर चढत आणि तितक्याच भरभर उतरत. चढावर तर माझे पायच गळून जात. आजार माझा, पण तो कुठे आहे ते मलाच कळेना. काय चमत्कारिक गोष्ट आहे, नाही का?

एका गॅरेजवाल्याने छोटी बॅटरी बदलली. ती खरेच म्हातारी झाली होती, त्यामुळे चार दिवस बरे गेले. मग त्रिकोण परत आला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने बॉनेटही उघडले नाही. "मोठी बॅटरी गेली. भंगारात द्या," एवढेच तो म्हणाला.

इकडे नर्सताईंना त्यांच्या दवाखान्यातून निरोप आला की, भरवशाची गाडी नसेल तर फेऱ्या बंद करून इथे टेबलाशी बसून काम करा. टेकडीवरच्या वस्तीत एका बाईचे दिवस भरत आले होते. तिचे आधीचे बाळ दवाखान्याच्या वाटेतच गेले होते, आणि "मी घरी येईन" असा शब्द नर्सताईंनी तिला दिला होता. त्या संध्याकाळी त्या माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकून बसून राहिल्या. मला फार वाईट वाटले. मला फक्त हॉर्न वाजवता येतो, आणि तोही कोणी दाबला तर.

शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी मला गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका बॅटरीवालीकडे नेले. तिने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडले, त्यावरचे आकडे वाचले आणि मग हत्यारे बाजूला ठेवून चक्क गप्पा मारायला बसली. मला ती तिथेच आवडली. तिलाही प्रश्नांची खोड होती.

"त्रिकोण नेमका कधी लागतो?"

"कधीही लागतो," नर्सताई म्हणाल्या.

"कधीही नाही हं," आजी म्हणाल्या. "सकाळी गारव्यात नाही लागत. ऊन तापलं आणि चढ आला की लागतो. त्याआधी ही माझ्या कानाशी घोरायला लागते."

"घोरते? कुठून?"

आजींनी पिवळ्या टोपड्याकडे बोट दाखवले.

बॅटरीवालीने टोपड्याकडे पाहिले, मग आजींकडे पाहिले. जाड रबरी हातमोजे घालून तिने आधी मोठ्या बॅटरीचा नारिंगी खटका काढला आणि आतली वीज उतरेपर्यंत थांबली. मित्रांनो, नारिंगी तारांना तुम्ही कधीही हात लावू नका. तिथे माझी सगळी ताकद असते, आणि तिला आपला-परका कळत नाही. मग तिने मागची सीट उचलली. जाळीच्या आत एक पंखा होता. माझ्या आत पंखा आहे हे मलाच ठाऊक नव्हते! त्याच्यावर लोकरीच्या तंतूंचा जाड थर बसला होता. गुलाबी, निळा, हिरवा. एवढ्या वर्षांच्या सगळ्या बाळांचे रंग तिथे होते.

"बॅटरी तापते, तिला गार हवा लागते," बॅटरीवाली म्हणाली. "ती हवा ही जाळी आत ओढते. हे गाडीचं नाक आहे, आजी."

आजींचा चेहरा पडला. "म्हणजे बाळाला गुदमरवलं मी. आणि वर कौतुक करत बसले."

नर्सताई आजींच्या शेजारी येऊन बसल्या. मग त्या म्हणाल्या, "टोपडं हवं म्हणून मीच म्हटलं होतं, आई. आणि इतकी वर्षं गाडी चालवते, ही जाळी कशाला आहे ते मीही विचारलं नाही."

खरे सांगायचे तर मला आजींचा राग आला नाही. टोपडे घालून मी मिरवत होतेच ना?

बॅटरीवालीने पंखा स्वच्छ केला. बॅटरीतल्या जोडपट्ट्यांवर हिरवट खपली धरली होती, ती खरवडली. बॅटरीचा प्रत्येक तुकडा तपासून त्यातला एक दमलेला तुकडा बदलला. "नव्यासारखी होणार नाही," ती स्पष्टच म्हणाली. "पण काही वर्षं नीट चालेल. त्रिकोण दिसला की चालवत राहू नका, लगेच या."

आजी तिचा पिच्छा सोडेनात. "अजून कुठून श्वास घेते ही? पुढून? खालून? दाखव मला."

टेकडीवरून बोलावणे आले ते भर दुपारी, रणरणत्या उन्हात. चढ सुरू झाला तसा नर्सताईंचा हात स्टिअरिंगवर घट्ट आवळला गेला. मीही मनातून घाबरले होते. एक वळण गेले, दुसरे गेले. माझ्या पाठीशी गार हवा खेळत होती आणि काचेमागे लाल काहीच नव्हते. वस्तीतल्या त्या दाराशी मी आवाज न करता उभी राहिले. पुष्कळ वेळाने आतून तिसऱ्याचा आवाज आला. आजी मागच्या सीटवर ओक्साबोक्शी रडल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही जाळ्या असलेली यंत्रे असतील. फ्रीज असेल, संगणक असेल. प्रेमाने त्यांच्यावर काही झाकण्याआधी विचारा, की ही जाळी कशाला आहे? ज्याची काळजी घ्यायची, त्याला आधी नीट ओळखून घ्या. आम्हाला बोलता येत नाही, पण विचारणाऱ्याला उत्तर सापडते.

आजी अजूनही माझ्यासोबत येतात. मात्र आता मी सुरू झाले की विणकाम हातात घेण्याआधी त्या वाकतात, आणि झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाशी धरावे तसे एक बोट माझ्या जाळीशी धरतात.

"चालू आहे गं श्वास," त्या म्हणतात, "चल."